भुताची कवळी

३ फेब्रुवारी

बाईसाहेब,

फोनवर यायचं नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, तेव्हा हे पत्र. मी फोन केला की तुझी बहीण म्हणते, "ताई बाथरूममध्ये आहे." दर वेळी बाथरूममध्येच! चौदा महिने अंघोळ चाललीय म्हणजे एव्हाना निम्मी विरघळली असशील. बरं, रागावू नकोस, गंमत केली.

बातमी अशी की मला काम आलंय. परवा दारात एक मुलगी उभी. सव्वीस-सत्तावीसची असेल, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. म्हणाली, "कवळ्या बनवणारे काका तुम्हीच ना?" म्हटलं, होतो. "मला एका भुतासाठी दात हवेत." मी म्हटलं, "भुताला घेऊन ये, माप घ्यावं लागेल." तर पोरगी हसत सुटली आणि सरळ आत येऊन बसली.

ती सिनेमा करतेय. भुताचा, पण हसवणारा. पैशांचं विचारलं तर म्हणाली, "काका, तो विषय काढला की मला रडू येतं." म्हणजे फुकटातच. तरी मी हो म्हटलं.

आता आपल्या भांडणाचं. जाताना तू म्हणालीस, "वर्कशॉपला कुलूप का लावलंत त्याचं खरं कारण सांगा, त्या दिवशी परत येते." अगं, कारण मी तेव्हाच सांगितलं. कंटाळा आला. चाळीस वर्षं लोकांचे जबडे हाताळल्यावर कोणालाही येईल. कुलूप लावल्यावरही सात महिने रोज डबा घेऊन घरातून निघत होतो आणि दिवसभर वाचनालयात बसत होतो, ते चुकलंच. समोरच्या काकूंनी मला तिथे वर्तमानपत्रावर गाल टेकून घोरताना पाहिलं आणि तुला येऊन सांगितलं, त्यांचंही मी मनावर घेतलेलं नाही. पण कारण विचारशील तर तेच. दुसरं असतं तर सांगितलं नसतं का?

आता कंटाळा गेलाय, काम हातात आहे. तेव्हा मुकाट्याने परत ये.

तुझा,
(सध्या भुतांचा) कवळीवाला

२४ फेब्रुवारी

बाईसाहेब,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही कमी चिवट नाही.

सिनेमाची गोष्ट ऐक. एका घरात दोनशे वर्षांचं भूत आहे. बिचारं आता म्हातारं झालंय. भिंतीतून आरपार जाताना मध्येच अडकतं आणि सोडवायला हाका मारतं. जिना चढून वर जाईपर्यंत कोणाला घाबरवायला निघालो होतो तेच विसरतं. अशात त्या घरात एक म्हातारी एकटीच राहायला येते. वरिष्ठ भुतांनी याला ताकीद दिलीय, की महिनाभरात हिला घाबरव, नाहीतर तुझ्या जागी तरुण भूत नेमतो. पण म्हातारीला ऐकू कमी येतं आणि चष्मा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता नसतो. हे जीव तोडून किंचाळतं, ती म्हणते, "दाराला तेल घालायला हवं."

मी पोट धरून हसलो. मग का कोण जाणे, हसू मावळलं. मुलगी म्हणाली, "काका, काय झालं?" म्हटलं, ठसका लागला.

भुताचं काम करणारा नट म्हणजे एके काळी नाटकांत गाजलेला गडी. सगळे त्याला हिरो म्हणतात. वय विचारलं की "साठच्या आसपास" म्हणतो. आसपास म्हणजे चांगली पंधरा वर्षं पलीकडे. केस काळे कुळकुळीत, कॉलर ताठ, आणि भेटेल त्याला सांगतो की अजून दातांनी अक्रोड फोडतो. त्याचं माप घ्यायला मी त्याला बाथरूममध्ये नेलं आणि आतून कडी लावली. आत काय झालं ते विचारू नकोस. आमच्या धंद्यात असल्या गोष्टी सांगत नाहीत. तुला ठाऊकच आहे, रस्त्यात गिऱ्हाईक समोरून आलं तर मी ओळखसुद्धा दाखवायचो नाही. अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. इतकंच सांगतो, की सतरा वर्षांपूर्वीचं माझं एक काम मला पुन्हा बघायला मिळालं आणि अजून ठणठणीत आहे.

बाकी सगळ्यांची समजूत अशी करून दिलीय, की भुताचे दात हिरोच्या दातांवर वरून बसणार. तू तीच धरून चाल.

एक सामान्य ज्ञानाचा प्रश्न. साखरेच्या पाकात लाल रंग घालून केलेलं रक्त पांढऱ्या अभ्र्यावर सांडलं तर डाग कशाने जातो? आपल्या अभ्र्यावर नाही. सहज विचारतोय.

तुझा,
जिज्ञासू नवरा

१९ मार्च

बाईसाहेब,

समोरच्या काकू तुझ्या बहिणीला फोन करतात असं कळलं. म्हणजे तुला सगळं पोचलंच असणार. तेव्हा झाकून काय उपयोग? सांगून टाकतो.

सिनेमाचं शूटिंग आपल्या घरात चाललंय.

थांब, पत्र फाडू नकोस. मुलीला जुनं घर मिळेना. मी म्हटलं, माझ्याकडे तीन खोल्या आहेत आणि माणूस एक. त्यांनी सगळ्या खिडक्यांना काळं कापड लावलंय. त्यामुळे आपल्याकडे सकाळी दहाला मध्यरात्र होते आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत उजाडतं. भूत तुझ्या कपाटात राहतं. तुझे कपडे मी नीट घड्या घालून पेटीत ठेवलेत, एकालाही धक्का नाही. अभ्रे मात्र आपलेच होते. आणि म्हातारीचं काम कोण करतंय सांगू? समोरच्या काकू! मुलीने त्यांना एकदा दारात भांडताना ऐकलं आणि तिथल्या तिथे घेतलं. आता मेकअपशिवाय कचरा टाकायलाही जात नाहीत.

घर कसं भरलंय म्हणून सांगू! सकाळी उठलो की कोणीतरी म्हणतं, "काका, जरा तिकडे सरका, तिथून भूत येणार आहे." तुझ्या खुर्चीवर मात्र मी कोणाला बसू देत नाही. मुलीलाही नाही.

कवळी झाली. अशी झालीय की बघत राहावं. वरचे दोन सुळे बोटभर लांब, कडा जुन्या कागदासारख्या पिवळट, हिरड्या काळपट. पूर्वी असलं काम चार दिवसांत उरकायचो, या वेळी साडेतीन आठवडे लागले. घाई करायची नाही असं ठरवलंय. मधे तीन साचे फुटले. हल्ली प्लास्टर फार भिकार येतं. कपही भिकारच येतात. तुझ्या निळ्या सेटातले दोनच उरलेत.

हिरोने ती लावली आणि आरशासमोर पुन्हा पुन्हा ओठ उचलून बघत राहिला. टाळूला अशी चिकटून बसली, की जन्मतःच तिथे होती. मुलगी मात्र डोकं खाजवायला लागली. "काका, हे जरा जास्तच छान झालंय. हे भूत हसलं तर त्याला स्थळं येतील." मी म्हटलं, "बाळ, माझ्या हातून वाईट काम होत नाही." ती काहीतरी सैल-घट्ट म्हणत होती. मी मान डोलावली.

अजून कंटाळा आलेला नाही, हे लक्षात घे.

तुझा,
घरमालक

२ एप्रिल

बाईसाहेब,

आज मोठा सीन होता. भूत म्हातारीच्या पलंगापाशी येतं, आ वासून गर्जना करतं, आणि ऐन गर्जनेत कवळी निसटून तिच्या पांघरुणावर पडते. सगळ्या सिनेमाचं हसू त्या एका जागेवर उभं आहे.

कवळी पडेना.

हिरो गर्जला. शिंकला. खोकला. मान अशी झटकली की टोप उडाला, पण कवळी जागची हलली नाही. अकरा वेळा झालं. काकू पलंगावर पडल्या पडल्या खरंच झोपी गेल्या. मुलगी माझ्याकडे आली. चिडली नव्हती, उलट अजिजीने म्हणाली, "काका, मी सांगितलं होतं ना, सैल हवी म्हणून?"

सांगितलं होतं. तीनदा. मलाही कळत होतं. पण टेबलाशी बसलो की हात ऐकेनात. चाळीस वर्षं एकच ध्यास, की माझी कवळी लावलेला माणूस चारचौघांत खाताना, हसताना, शिंकताना फजीत होऊ नये. पडणारी कवळी करायची कशी हे मला येतच नाही. असली चूक दुसरं कोणी करील?

मग ती म्हणाली, "इथेच बसून थोडी घासून द्या ना, काका. पाच मिनिटं थांबतो आम्ही." सगळे माझ्याभोवती उभे राहिले.

पुढचं आज लिहीत नाही. सीन झाला. चांगला झाला म्हणतात. मी ठीक आहे, काळजी नसावी.

५ एप्रिल

बाईसाहेब,

हे पत्र हाताने लिहिलंय. आधीची सगळी मी कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करून छापून घेतली होती. म्हातारा मॉडर्न झाला असं तुला वाटावं, ही माझी अपेक्षा. आता हे अक्षर बघ आणि काय ते समज. या पानाला दोन सकाळी लागल्यात.

त्या दिवशी सगळे बघत होते. मी डाव्या हातात कवळी धरली, उजव्या हातात बारीक कानस घेतली. एरवी मी कोपर टेबलाला रेटून, श्वास धरून, घासायचं आणि पुन्हा थांबायचं असं करतो, म्हणून तर साडेतीन आठवडे लागले. इथे टेबल नव्हतं आणि तेरा माणसं होती. हातांना कापरं सुटलं. कानस दातांवर टकटक, टकटक वाजायला लागली. आवाज टिपणारा पोरगा "शांत, शांत" म्हणाला, तेव्हा सगळी खोली चिडीचूप झाली आणि तेवढा एकच आवाज उरला. मागून कोणीतरी हसलं. मी मुद्दाम भुताचे दात वाजवून दाखवतोय असं त्याला वाटलं असेल. मग मीही हसलो. आयुष्यात इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हिरो उठला. माझ्या हातून कवळी आणि कानस काढून घेतली, दोन्ही कोटाच्या खिशात टाकली आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आणि त्याने तोंड उघडलं. सताड.

एक दात नाही. ना वर, ना खाली.

"नीट बघून घ्या," तो म्हणाला. "सतरा वर्षं झाली. अक्रोड फोडतो ते सगळं थापा. रोज जे दात घालून मी मिरवतो ना, ते या माणसाने केलेत, आणि याने आजवर कोणाला चकार शब्दाने सांगितलं नाही. आता मला सांगा, दोनशे वर्षांच्या भुताला दात असतील कुठून? घ्या सीन."

जो तो त्याच्याकडे बघत राहिला. माझ्या हातांकडे एकाचंही लक्ष नव्हतं. बाईसाहेब, तो माणूस लिफ्टमध्येसुद्धा आरसा शोधतो. जिन्याला कठडा असला तरी धरत नाही, कोणी बघेल म्हणून. त्याने हे माझ्यासाठी केलं.

मग सीन झाला. हिरो तसाच बोळक्या तोंडाने पलंगापाशी गेला आणि गर्जला. गर्जना कसली, वाऱ्यावर फडका फडफडावा तसा फुसका आवाज. काकू जाग्या झाल्या, अगदी खऱ्याखुऱ्या. काय वाक्य बोलायचं ते साफ विसरल्या. त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "अहो, बसा. दमला असाल." हिरो बसला. दोघं पलंगाच्या कडेवर बसून राहिली. मुलगी कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होती. तिने तिथेच जाहीर केलं, की सिनेमा इथेच संपणार, पुढची सहा पानं रद्द. म्हणाली, "काका, मला म्हातारपणावरच तर करायचा होता, पण मी नुसत्या गमतीच लिहीत बसले होते."

नंतर बाथरूममध्ये हिरोला त्याची रोजची कवळी दिली. तोंड पुसत त्याने विचारलं, "तुमचं कधीपासून?"

"अडीच वर्षं."

"घरी ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?" म्हणाला आणि केस सारखे करून बाहेर गेला.

तेव्हा आता ऐक. मला कंटाळा आला नव्हता. एक दिवसही आला नाही. एका आजोबांची कवळी करताना हात घसरला आणि पुढचा दात उडाला. दुसरी केली, तीही बिघडली. ते बिचारे तीन आठवडे पातळ खाऊन राहिले आणि वर मला म्हणाले, "होतं असं, चालायचंच." त्या संध्याकाळी मी कुलूप लावलं. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. गोळ्यांनी थोडं कमी होतं, जात नाही.

तुला का नाही सांगितलं? लाज वाटली. दुसऱ्यांचं म्हातारपण झाकण्यात माझी हयात गेली. स्वतःचं कोणाला दाखवायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. तू मला कवळीवाला म्हणून पसंत केलंस. नुसता म्हातारा तुझ्या काय कामाचा, असं वाटायचं.

हे कारण. यायचं की नाही ते तू ठरव, मी आता घाई करणार नाही. पण तुझ्याशिवाय मला अजिबात करमत नाही, तेही यातच लिहून ठेवतो.

तुझा

१६ एप्रिल

अहो,

अक्षर लागलं. अगदीच काही वाईट नाही, लग्नाआधीच्या पत्रांतही असंच होतं.

तुमचे हात थरथरतात हे मला तुमच्या आधी कळलं होतं. शर्टाची बटणं लावताना तुम्ही माझ्याकडे पाठ करायला लागलात, तेव्हाच. मी काही बोलले नाही, म्हटलं, सांगतील. तुम्ही डबा उचलून निघायला लागलात. मी पहाटे उठून तो डबा भरत होते. संध्याकाळी विचारायचे, "आज काम फार होतं का?" आणि तुम्ही म्हणायचात, "हो ना, मान वर करायला वेळ नाही." राग हातांचा कशाला येईल? राग त्या डब्याचा होता. नुसता म्हातारा म्हणे! मी काय तुमच्याकडे दात करून घ्यायला आले होते का?

कपाटात भूत ठेवलंत आणि काकूंना नायिका केलीत, त्याचं काय ते आल्यावर बघते. हिरोंना माझा नमस्कार सांगा. रक्ताचा डाग गार पाण्याने जातो. गरम पाण्यात घातला असेल तर अभ्रा फेकून द्या.

आता माझं. हसलात तर याद राखा.

खरं म्हणजे मी गेल्या जूनमध्येच यायला निघाले होते. राग कधीच ओसरला होता. म्हटलं, तिथेच बसून विचारू, कधीतरी बोलतील. बॅग भरली आणि त्याच आठवड्यात पुढचा दात हलायला लागला. मग त्याच्या शेजारचा. दिवाळं निघावं तसे एकामागून एक करत वरचे सहा गेले. तुम्ही आयुष्यभर येईल त्याला सांगत आलात, "आमच्या हिचे दात बघा, माझ्या धंद्याला घरात गिऱ्हाईक नाही." आता कुठल्या तोंडाने तुमच्यापुढे उभी राहू? शेवटी इथल्याच एकाकडून करून घेतली. कवळीवाल्याची बायको, आणि तोंडात कवळी परक्या माणसाची! बहिणीने सांगितलं, की जाऊन नवऱ्याला दाखव. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

बोलताना शिट्टी वाजते, म्हणून फोनवर येत नव्हते. बाथरूममध्ये कधीच नसायचे. फोनच्या बाजूला उभी राहून तुमचा आवाज ऐकायचे. तुम्हाला खरं सांगा म्हणून बजावून आले आणि इकडे मीच दहा महिने तोंडाला पदर लावून बसले. तेव्हा आता फिटंफाट.

गुरुवारी दुपारी पोचते. या कवळीचं डाव्या बाजूला आत काहीतरी टोचतंय, धड जेवता येत नाही. इथला माणूस म्हणतो, सवय होईल. मला नाही सवय करून घ्यायची. नेमकं कुठे टोचतंय ते तुम्ही बघा आणि बोट ठेवून दाखवा. घासायचं मी घासते. माझे हात अजून चांगले आहेत.

तुमची